पोकळी राखून बांधलेले दगड

बारावीच्या रसायनशास्त्रातलं स्थायू अवस्थेचं प्रकरण शिकवायला मला मनापासून आवडतं, आणि त्याच प्रकरणाची दरवर्षी थोडी चीडही येते. अणू म्हणजे गोल, ते एकमेकांना खेटून रचायचे आणि रचणीत किती जागा भरली ते काढायचं. साधी घनाकार रचणी ५२.४ टक्के, मध्यभागी जास्तीचा एक गोल असलेली ६८ टक्के, सगळ्यांत दाट ७४ टक्के. सीईटीच्या धाकाने मुलं हे आकडे झोपेतही सांगतात. पण आमचं कॉलेज ज्या कातळावर उभं आहे, त्या कातळातला एखादा स्फटिक हातात देऊन विचारलं, की बाबांनो, यातले अणू कसे बसलेत, तर वर्ग चिडीचूप.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. परदेशातल्या संग्रहालयांत ‘इंडिया’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेले अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट पाहा. त्यातले बरेचसे आपल्या नाशिक, नगर, पुणे, जळगाव पट्ट्यातल्या विहिरींतून आणि खडीच्या खाणींतून गेलेले असतात. आणि गंमत अशी, की हे दगड त्या ७४ टक्क्यांना भीक घालत नाहीत. त्यांच्यात मुद्दाम राखल्यासारख्या पोकळ्या असतात. त्या का असतात, एवढंच आज लिहायचं आहे.

आधी दाट रचणी नीट पाहू. वर्गात मी काचेच्या गोट्या नेते, सोबत साबुदाणा आणि वाळलेले वाटाणे. गोट्यांचा एक थर खोक्यात खेटून लावला की तीन-तीन गोट्यांच्या मधे खळगा दिसतो. वरचा थर त्या खळग्यांत बसतो. आता आत दोन तऱ्हेच्या फटी उरतात. चार गोट्यांनी वेढलेली लहान फट चतुष्फलकी, तिच्यात साबुदाणा मावतो. सहा गोट्यांनी वेढलेली मोठी फट अष्टफलकी, तिच्यात वाटाणा. भूमितीने काढलं तर लहान फटीत गोटीच्या ०.२२५ पट त्रिज्येचा गोल बसतो, मोठीत ०.४१४ पट. जितक्या गोट्या तितक्याच मोठ्या फटी, आणि लहान फटी त्याच्या दुप्पट. (साबुदाणा भिजलेला नको. एका बॅचने तोही प्रयोग केला आहे.)

खनिजांमध्ये गोट्यांची जागा घेतो ऑक्सिजन. भूकवचाच्या वजनात तो ४६-४७ टक्के, पण त्याचा आयन इतका ऐसपैस, की घनफळ मोजलं तर ९० टक्क्यांच्या वर तोच. आपण ज्याला काळा दगड म्हणतो तो अणूंच्या पातळीवर मुख्यतः ऑक्सिजनचा ढीग आहे. सिलिकॉन, लोखंड, मॅग्नेशियम वगैरे मंडळी त्याच्या फटींत राहतात.

बेसॉल्टाच्या, म्हणजे याच काळ्या दगडाच्या, काही थरांत मिळणारं ऑलिव्हिन हे याचं चोख उदाहरण. त्यात ऑक्सिजनची रचणी जवळजवळ गोट्यांसारखी दाट असते, जरा वेडीवाकडी इतकंच. चार ऑक्सिजनमागे चार मोठ्या फटी, त्यातल्या दोनांत मॅग्नेशियम किंवा लोखंड. आठ लहान फटी, त्यातल्या फक्त एकीत सिलिकॉन. सूत्र आपोआप तयार होतं : दोन मॅग्नेशियम, एक सिलिकॉन, चार ऑक्सिजन. घनता पाण्याच्या ३.३ पट. हाताला जड लागतं.

इथवर पुस्तक आणि दगड यांचं जमतं. पुढे फाटतं.

मॅग्नेशियमच्या आयनाची त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), ऑक्सिजनची १.४०. भागाकार ०.५१, म्हणजे मोठ्या फटीत जागा पक्की. सिलिकॉनचं काय? लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या जुन्या कोष्टकात त्याची त्रिज्या ०.४१ आहे, भागाकार ०.२९, लहान फट, छान. पण आता सर्रास वापरतात त्या शॅननच्या १९७६ च्या कोष्टकात चार ऑक्सिजनांमधला सिलिकॉन ०.२६ चा आहे. भागाकार ०.१९. हा ०.२२५ च्या खाली गेला, म्हणजे नियमाने सिलिकॉनने तीनच ऑक्सिजनांच्या मधे बसायला हवं. बेसॉल्ट असो की वाळू, तो बसतो चौघांतच. पृथ्वीच्या कवचातलं दुसऱ्या क्रमांकाचं मूलद्रव्य, आणि नेमकं त्याच्यापाशी गोट्यांचं गणित गडगडतं.

कारण सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध निव्वळ आयनिक नाही. पॉलिंगच्याच हिशेबाने तो साधारण निम्मा आयनिक, निम्मा सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला. आयनिक आकर्षणाला दिशा नसते. ते चहूबाजूंनी सारखं ओढतं, म्हणून तिथे जितके शेजारी मावतील तितके जमतात. सहसंयुज बंधाला दिशा असते. सिलिकॉनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडेच रोखलेले असतात, एकमेकांशी १०९.५ अंशांचा कोन करून, आणि लांबी १.६ अँगस्ट्रॉमच्या आसपास. जागा आहे म्हणून पाचवा ऑक्सिजन आत घेणं साध्या दाबाखाली त्याला जमत नाही.

दिशा नसलेल्या बंधाचं उदाहरण म्हणजे भाईंदर-वसईकडच्या मिठागरांतलं खडेमीठ. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि ‘रेणू’ म्हणून वेगळं काढता येईल असं काहीही नाही. ब्रॅग बापलेकांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी ही रचना उलगडली, १९१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि तरी १९२७ साली हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे जुने, मानाचे रसायनशास्त्रज्ञ ‘नेचर’मध्ये पत्र लिहून सोडियम-क्लोरीनच्या या आळीपाळीच्या बुद्धिबळाच्या पटावर तुटून पडले. बिचाऱ्या मिठाची ही काय विटंबना, असा एकूण सूर. मला ते पत्र फार आवडतं, कारण माझ्या वर्गातली निम्मी मुलं मनातून आर्मस्ट्राँगच्याच बाजूची असतात. त्यांनाही सोडियमला एकच हक्काचा क्लोरीन हवा असतो.

आता पुन्हा दगडाकडे. १९२९ मध्ये याच पॉलिंगने खनिजांच्या रचनेचे काही नियम मांडले. त्यातला दुसरा नियम म्हणजे शुद्ध वाणसामानाचा हिशेब आहे आणि तो दहावीच्या मुलालाही करता येतो. सिलिकॉनचा प्रभार चार, शेजारी चार, म्हणजे प्रत्येक ऑक्सिजनच्या वाट्याला एक. ऑक्सिजनला हवेत दोन. उरलेला एक कुठून तरी आणायचा. ऑलिव्हिनमध्ये तो तीन मॅग्नेशियमकडून येतो : मॅग्नेशियमचा प्रभार दोन, शेजारी सहा, प्रत्येकाकडून एक-तृतीयांश, तिघांचा मिळून एक. हिशेब चुकता. क्वार्ट्झ म्हणजे नुसता सिलिकॉन आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम नाहीच, तिथे तोच ऑक्सिजन दुसऱ्या सिलिकॉनला धरतो. एक अधिक एक दोन. म्हणजे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा लावून जोडले जातात.

कोपराच का? कडेला कड लावून का नाही? तेही पॉलिंगच्या तिसऱ्या नियमात आहे. कड जुळवली तर चार-चार प्रभारांचे दोन सिलिकॉन फार जवळ येतात आणि एकमेकांना ढकलतात. कोपऱ्यावर जोडले की अंतर राहतं. त्यात कोपऱ्यावरचा ऑक्सिजन बिजागरीसारखा लवचीक : दोन सिलिकॉनांमधला कोन १४५ अंशांच्या आसपास, पण गरजेप्रमाणे कमीजास्त होतो.

कोपऱ्याकोपऱ्यांनी जोडलेलं आणि बिजागरीवर वळणारं असं काहीही बांधायला घेतलं की ते दाट होऊच शकत नाही. पोकळीचं उत्तर एवढंच आहे. ऑक्सिजनला दाटीवाटी हवी असेलही, पण सिलिकॉनचा हट्ट त्याहून मोठा. क्वार्ट्झची घनता ऑलिव्हिनच्या ३.३ वरून २.६५ वर येते ती यामुळेच. आणि आमच्या विहिरींतल्या दगडांची २.२ च्या आसपास.

विहिरी म्हटल्या की माझा मामेभाऊ आला. संगमनेरकडे विहिरी खोदायची कंत्राटं घेतो. मुरूम, मग कातळ, मग मांजऱ्या, असा त्याचा भूगर्भ. मांजऱ्या लागला की तो माणसांना सांगून ठेवतो, घण जपून मारा, गारगोट्या निघतील. त्याचं बरोबर असतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले तेव्हा त्यातले वायूचे बुडबुडे वर सरकत गेले आणि थराच्या माथ्याशी गोठले. तोच सच्छिद्र भाग म्हणजे याचा मांजऱ्या. लाव्हा अकराशे-बाराशे अंशांना होता तेव्हा त्यातून ऑलिव्हिन, ऑजाइट, प्लॅजिओक्लेज अशी घट्ट खनिजं जमली. पुढे त्याच दगडातून कोमट-गरम पाणी झिरपलं, तिथलंच सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम विरघळवून घेऊन बुडबुड्यांच्या पोकळीत उतरलं आणि अडीचशे अंशांच्या खाली नवी खनिजं वाढली. मूलद्रव्यं बहुतेक तीच, फक्त आता सोबतीला पाणी. मोठी पोकळी डोळ्यांना दिसते. तिच्यात वाढलेल्या स्फटिकातल्या बारीक पोकळ्या दिसत नाहीत.

आता अ‍ॅल्युमिनियम. तो चतुष्फलकात सिलिकॉनच्या जागी सहज बसतो, पण त्याचा प्रभार तीन. चार ऑक्सिजनांना वाटायचा तर प्रत्येकी पाऊणच. पाऊण अधिक एक, पावणेदोन. पाव कमी पडला. असे पाव-पाव साचत गेले की कुणीतरी भरपाई करायला यावंच लागतं. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम येतात ते या कामासाठी, आणि सांगाड्याच्या बोळांत वस्तीला राहतात. पीच रंगाच्या, पेंढीच्या आकाराच्या स्टिल्बाइटचं सूत्र घ्या. छत्तीस चतुष्फलकांपैकी २७ सिलिकॉनचे, ९ अ‍ॅल्युमिनियमचे. म्हणजे नऊ प्रभारांची तूट. आत राहतात चार कॅल्शियम आणि एक सोडियम : चार दुणे आठ आणि एक नऊ. सोबत पाण्याचे २८ रेणू. मोठमोठ्या आकड्यांचं हे सूत्र मुलांना आधी दचकवतं. हिशेब जुळला की मात्र ती दुसरं सूत्र मागतात.

मग मी स्कोलेसाइट देते, ते पांढऱ्याशुभ्र सुयांचे झुबके. त्याचा भाऊ नॅट्रोलाइट. सांगाडा दोघांचा एकाच घाटाचा. नॅट्रोलाइटच्या बोळांत दोन सोडियम आणि पाण्याचे दोन रेणू. स्कोलेसाइटमध्ये दोन सोडियमऐवजी एकच कॅल्शियम, आणि रिकामी झालेली जागा पाण्याच्या तिसऱ्या रेणूने घेतलेली. जागा वाया घालवायची नाही ही निसर्गाची काटकसर इथे पुन्हा डोकं वर काढते, पण सांगाड्याने आखून दिलेल्या हद्दीत.

मामेभावाला सूत्रांशी देणंघेणं नाही, त्याचा पहिला प्रश्न “ताई, भाव काय येईल ते सांग आधी.” पण एकदा त्याने माझ्या वर्गात कुणी विचारला नसेल असा प्रश्न केला. अपोफिलाइटचा हातभर दूर ठेवूनही चमकणारा एक तुकडा त्याने समोर धरला. चौकोनी खांब, पण माथा उडालेला. म्हणाला, “घण बाजूनं बसला होता. मग टोपण आडवं, इतकं सपाट कसं निघालं?”

तर दगड कुठे फुटतो हे घण ठरवत नाही, बंध ठरवतात. अपोफिलाइटमध्ये प्रत्येक चतुष्फलक तीनच कोपरे वाटून घेतो. त्यामुळे सांगाडा तिन्ही दिशांना न पसरता त्याचे पत्रे होतात, चार-चार आणि आठ-आठ चतुष्फलकांच्या कड्यांचे. दोन पत्र्यांच्या मधे कॅल्शियम, पोटॅशियम, फ्लोरीन आणि पाणी. पत्र्यातला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटायला महाकठीण, पत्र्यांमधली ही पकड त्या मानाने सैल. म्हणून कुठूनही ठोका, तो आडवाच उलगडतो, आणि त्या सपाट तोंडावर मोत्यासारखी झाक दिसते. बाजूच्या तोंडांवर ती नसते, तिथे काचेसारखी चमक. अभ्रक याच कारणाने सुटतं, फक्त तिथले पत्रे सहा-सहाच्या कड्यांचे असतात. मी हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे उभा धरून पॅक करायचा, आडवा दाब द्यायचा नाही.” इतका व्यवहारी निष्कर्ष माझ्याही डोक्यात आला नव्हता.

क्वार्ट्झला असं सोपं तोंड नाही. बंध सगळीकडे सारखेच बळकट, म्हणून तो काचेसारखा वाकडातिकडा, शिंपल्याच्या आकारात फुटतो. कॅल्साइट याच्या उलट टोकाला. त्याचा तुकडा कितीही बारीक करा, प्रत्येक कण तसाच कलंडलेला ठोकळा, कोन ७५ आणि १०५ अंशांचे. त्यात कार्बन आणि तीन ऑक्सिजन यांचे चपटे त्रिकोण असतात. ते त्रिकोण घणाने फुटत नाहीत, त्यांना धरून असलेले कॅल्शियमचे बंध सुटतात. फ्रान्समध्ये रने-जुस्त आयुई याने १७८४ मध्ये याच ठोकळ्यांवरून ताडलं होतं, की स्फटिक एकाच आकाराच्या अतिसूक्ष्म विटांचा बनलेला असावा. क्ष-किरण यायला अजून सव्वाशे वर्षं होती. नितळ कॅल्साइट वर्तमानपत्रावर ठेवला तर अक्षरं दुहेरी दिसतात, तेही त्या त्रिकोणांमुळेच : सगळे एकमेकांना समांतर असतात, म्हणून प्रकाशाच्या एका कंपनाला वाट वेगळी आणि दुसऱ्याला वेगळी. कॅल्साइट पुरेसा मिळतो, तेव्हा फोडून पाहायला तोच वापरा. अपोफिलाइट फोडणाऱ्याला मी घरात घेत नाही.

पोकळीचं प्रात्यक्षिक मात्र स्टिल्बाइटचंच. चुरा परीक्षानळीत घालून बर्नरवर धरला, की थोड्या वेळात नळीच्या वरच्या गार भागावर थेंब जमतात. दगडातून पाणी. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने फुंकणीच्या ज्योतीत असाच दगड धरला, तो उकळल्यासारखा फसफसला, आणि या अख्ख्या कुळाला झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’, हे नाव मिळालं. स्टिल्बाइटच्या वजनात जवळजवळ १८ टक्के पाणी असतं. खरी मौज पुढे आहे. हे पाणी सांगाड्याचा भाग नाही, ते बोळांतल्या कॅल्शियम-सोडियमला चिकटून असतं. म्हणून बऱ्याच झिओलाइटांतून ते जपून काढलं तरी सांगाडा उभा राहतो, आणि दमट हवेत ठेवला की पाणी पुन्हा आत येतं. स्टिल्बाइटच्या सर्वांत रुंद बोळाचं तोंड दहा चतुष्फलकांच्या कड्याचं, आरपार ५ ते ६ अँगस्ट्रॉम. पाण्याचा रेणू तीनपेक्षा लहान. ये-जा करायला ऐसपैस जागा.

बोळांतले आयनही असेच बदलता येतात. जड पाण्यातलं कॅल्शियम धरायचं आणि सोडियम सोडायचं, या कामासाठी कपड्यांच्या पावडरीत कृत्रिम झिओलाइट घालतात. २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची शोधाशोध चालली होती, त्या यंत्राच्या पोटातही झिओलाइटच होतं. त्याच्या बोळांतले धन आयन हवेतल्या नायट्रोजनला ऑक्सिजनपेक्षा जास्त जोराने धरतात. नायट्रोजन आत अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो. त्या दिवसांत शेजारच्या काकूंना हे समजावत बसले नाही, पण यंत्राची घरघर ऐकू आली की मला ते बोळ दिसायचे.

पुणेकर वाचकांसाठी वाघोलीचं एक. तिथल्या खाणींतला कॅव्हन्साइट जगभर नावाजलेला आहे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले निळेभोर गोंडे. खनिज म्हणून त्याची पहिली ओळख अमेरिकेतल्या ओरेगॉनची, वर्णन १९७३ चं, पण देखणे नमुने पाहायचे तर वाघोलीचेच. निळा रंग व्हॅनेडियमचा, जो पाच ऑक्सिजनांच्या चौकोनी पिरॅमिडमध्ये बसतो. त्याच घटकांचं, अगदी त्याच सूत्राचं दुसरं खनिज म्हणजे पेंटागोनाइट. कॅव्हन्साइटमध्ये सिलिकॉनच्या पत्र्यात चार आणि आठची कडी, पेंटागोनाइटमध्ये सहाची. बाकी सगळं सामान तेच, फक्त जोडणी वेगळी, आणि दोन वेगळी खनिजं. नमुने पाहायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. सवडीने जा, तासाभरात उरकण्यासारखं नाही.

शेवटी, विकत घेणाऱ्यांसाठी. कॅल्साइट असलेला नमुना आम्लाने धुऊ नका, त्रिकोणांचा वायू होऊन उडून जाईल. अपोफिलाइट गरम पाण्यात घालू नका, पत्रे सुटतात. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे दिसले की प्रत्येकाचा हात शिवशिवतो, पण ते तंतू एकदा दबले की परत उभे राहत नाहीत. आणि लोमोंटाइट. हा झिओलाइट दिसायला स्वस्त आणि मस्त, पांढरे तिरके खांब. पण त्याच्या बोळांतलं काही पाणी इतकं सैल बसलेलं असतं, की कोरड्या हवेत, नुसत्या खोलीच्या तापमानाला ते निघून जातं, स्फटिक आकसतो, तडे जातात आणि त्याचा भुगा होतो. आमच्या स्टाफरूममधल्या एकीने हौसेने घेतलेला खडा मे महिन्यात शोकेसमध्ये पिठासारखा पसरला होता, आणि तिचा संशय घरातल्या मुलांवर होता. मुलं निर्दोष आहेत. लोमोंटाइट घ्यायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत, सोबत ओल्या कापसाचा बोळा ठेवून घ्या, आणि विकणारा तो पावसाळ्यातच का विकतो हे त्याला जरूर विचारा.